पाच नंबरच्या मैदानावरच्या बाई

सकाळी दहाला मागच्या भिंतीवर बॉल आपटायला लागला की पुण्याहून माझा मॅनेजर मीटिंगमध्ये विचारायचा, "तुमच्याकडे बांधकाम चालू आहे का गं?" मी म्हणायचे, "हो." दुसरं काय सांगणार? माझ्या घरमालकीणबाई डाव्या पायाने भिंतीला दोनशे वेळा बॉल मारताहेत, उजवा गुडघा गेलाय म्हणून फक्त डाव्या पायाने, आणि दोनशे पुरे झाल्याशिवाय त्या देवालाही दार उघडत नाहीत, असं? की या बाई अमेरिकेच्या राष्ट्रीय संघात चौदा वर्षं खेळल्या, जगज्जेतेपदाच्या फायनलमध्ये शेवटच्या मिनिटाला त्यांनी गोल केला, असं? तो म्हणाला असता, मग खोली भाड्याने कशाला देतात?

ते मलाही माहीत नव्हतं. आइंडहोवन या डच शहराच्या शेजारचं बेस्ट हे गाव. चिप बनवणाऱ्या यंत्रांच्या टेस्टिंगची नोकरी घेऊन मी तिथे आले, दोन महिने ऑफिस पाहिलं, आणि लॉकडाऊन लागला. बाईंच्या घराचा माळा हेच माझं ऑफिस झालं. महिनाभराने, मालकीण धड आहे ना, हे बघायला मी त्यांचं नाव इंटरनेटवर टाकलं, तर लाखो लोकांनी पाहिलेला व्हिडिओ निघाला. तीन-तीन पायऱ्या उड्या मारत खाली गेले.

"ह्या तुम्ही?"

ओट्सच्या वाडग्यातून मान वर करून बाईंनी फोनकडे पाहिलं. "हो. चुकीच्या जागी उभी होते."

"म्हणजे?"

"डिफेंडर होते मी. तिथे असायलाच नको होते. बॉल परत आमच्या बाजूला आला असता तर आज तू वेगळा व्हिडिओ बघत असतीस."

चौदा वर्षांत देशासाठी तीन गोल, आणि प्रसिद्धी त्यातल्या एका गोलाची. "बाकीची सगळी वर्षं मी गोल होऊ दिले नाहीत. त्याचा व्हिडिओ कुणी काढत नाही," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून दोनदाच ऐकलं, पण दोन्ही वेळा त्यात थोडा राग होता. आणि राग असलेली माणसं मला लगेच आवडतात.

मी त्यांना बाई म्हणायचे. अर्थ विचारला तेव्हा सांगितलं, आमच्याकडे शाळेत शिकवणाऱ्या बाईंना म्हणतात ते. त्यांना ते आवडलं. 'चॅम्पियन' म्हटलेलं मात्र अजिबात खपायचं नाही. कारकिर्दीतले शेवटचे दोन मोसम खेळायला त्या या देशात आल्या, इथेच गुडघा गेला, इथल्याच एका माणसाशी लग्न झालं, मोडलं, घर त्यांच्याकडे राहिलं. परत का गेला नाहीत, असं विचारलं तर म्हणायच्या, "इथे सुपरमार्केटमध्ये मला कुणी काही विचारत नाही. कांदे कुठे आहेत हेसुद्धा मलाच विचारावं लागतं."

जगभर खेळलेल्या या बाईंना शहरं आठवायची ती गवतावरून. कुठल्याही शहराचं नाव काढा. "तिथे गवत उंच होतं, बॉल अडकायचा." "तिथे खाली वाळू होती, चांगली जागा." एका शहराचं नाव काढलं की पँट वर करून नडगीवरचा भाजल्यासारखा डाग दाखवायच्या. तिथे पुरुषांना गवत होतं आणि बायकांना उन्हात तापणारं प्लास्टिकचं गवत. बाई तेव्हा कप्तान होत्या. मॅचच्या आधी सगळा संघ घेऊन मैदानाच्या मधल्या वर्तुळात बसल्या. अर्धा तास.

मी कॉलेजात होस्टेलच्या मुलींसाठी पत्रकं लिहिलेली पोरगी. आमच्या संघटनेत शिकवण एकच होती, पहिली ओळ वाचणाऱ्याच्या कानाखाली बसली पाहिजे. माझ्या अंगावर काटा आला. "घोषणा काय दिल्यात?"

"काही नाही. बसलो. ढुंगण भाजलं. टीव्हीवाल्यांना वाटलं, आमचं स्ट्रेचिंग चाललंय."

"आणि मग?"

"पुढच्या वर्षी गवत आलं."

घोषणा नाही, पत्रक नाही, आणि गवत आलं! माझा विश्वासच बसेना. मी त्यांना तसं तोंडावर सांगितलंही.

दर बुधवारी दुपारी शाळा लवकर सुटते, तेव्हा बाई गावातल्या क्लबमध्ये पंधरा वर्षांखालच्या मुलींना शिकवायच्या. फुकट. त्या दिवसांत मोठ्यांचे खेळ बंद होते, मुलांना मैदानावर परवानगी होती, आणि आईबापांनी कुंपणाबाहेर थांबायचं असा नियम होता. नियम पाळले जातात ना हे बघायला प्रत्येक संघाला एक माणूस हवा होता. बाईंनी मला न विचारता माझं नाव दिलं आणि पिवळं जॅकेट माझ्या दाराच्या मुठीला अडकवून ठेवलं. फुटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं. "चांगलं आहे," बाई म्हणाल्या. "मध्ये बोलणार नाहीस."

क्लबची पाच मैदानं. चार गुळगुळीत. पाचवं अगदी मागे, कालव्याला लागून, पॉप्लरच्या झाडांखाली, चिचुंदऱ्यांनी उकरलेलं. मुलींचं कुठलं असेल? सांगायला नको. आणि हे समतेचा डंका पिटणाऱ्या देशात! मी तिथल्या तिथे पेटले. बाई मात्र बूट-मोजे काढून फेब्रुवारीच्या चिखलात अनवाणी एक चक्कर मारायच्या, उंचवटे पायाने शोधायच्या आणि मग मुलींना सांगायच्या, "आज डावीकडचा कोपरा खोटं बोलतोय. तिकडे बॉल जमिनीवरून देऊ नका."

पहिली वीस मिनिटं बॉल मिळायचा नाही. नुसतं धावायचं आणि एकमेकींना हाका मारायच्या. बॉल आल्यावरही, जिला द्यायचा तिचं नाव ओरडल्याशिवाय दिलेला पास धरला जायचा नाही. वर्षभर स्क्रीनसमोर म्यूटवर बसलेल्या मुली त्या. सुरुवातीला नावं घशातच राहायची. बाई कानाला हात लावून उभ्या. "कोण? पोस्टाने कळवणार आहेस का?" एखादीचा पास चुकला आणि ती "सॉरी" म्हणाली की बाई कडाडायच्या, "तोंडाने नको, पायाने!" म्हणजे धाव, आणि घालवलेला बॉल परत आण.

कुंपणाबाहेर दर बुधवारी एक सायकल टेकलेली असायची. ती सईची. सई आमच्याच गल्लीतली, तेरा वर्षांची, आईबाबा नाशिकचे, बाबा माझ्यासारखेच यंत्रांच्या धंद्यात. मी मराठीत बोलायचे, ती डचमध्ये उत्तर द्यायची, आणि आमचं छान चालायचं. तिला खेळायचं होतं. घरून नकार होता. ऑनलाइन शाळेत मार्क घसरले होते, आणि बाबांच्या मते आणखी घसरायला एवढंच बाकी होतं.

एप्रिलमध्ये क्लबचे सेक्रेटरी सायकलवरून पाच नंबरवर आले. चाळीस वर्षं टपाल वाटून निवृत्त झालेला उंच, सरळ माणूस. वळसे न घेता म्हणाले, "पुढच्या मोसमासाठी मेअखेर चौदा नावं हवीत. तुझ्याकडे नऊ आहेत. चौदा नसतील तर संघ बंद. नियम आहे."

लॉकडाऊनमध्ये मुली गळाल्या होत्या. जवळपास दुसरा मुलींचा संघ नव्हता. त्या नऊ जणींचा फुटबॉल तिथेच संपणार होता.

घरी आल्यावर मी बाईंसमोर कागद ठेवला. "तुमचा कप हातात धरलेला फोटो आणि एक ओळ. पाच काय, पन्नास येतील."

"नाही."

"का नाही? नऊ मुलींचा प्रश्न आहे, तुमच्या लाजण्याचा नाही!"

बाईंनी कागद माझ्याकडे परत सरकवला. "आमच्या देशात बायकांची लीग निघाली तेव्हा बसएवढं माझं पोस्टर लावलं होतं. हजारो मुली आल्या. माझ्यासारखे केस कापून आल्या. मला बघायला आल्या होत्या गं. बघून झालं, गेल्या. लीग बंद पडली त्या दिवशी पोस्टर अजून भिंतीवर होतं. सामान गाडीत भरताना मी माझ्याच तोंडाखाली उभी होते."

मी ऐकलं. आणि मुळीच ऐकलं नाही. आठवड्याभरात आठशे पत्रकं छापून आणली. बाईंचा फोटो, कप, आणि वर ओळ, 'जगज्जेती तुमच्या गल्लीत आहे. तुमची मुलगी कुठे आहे?' डच सईने तपासून दिलं, घरच्यांना न सांगता. बाई कामानिमित्त ब्रेडा शहरात गेल्या होत्या, ती दुपार गाठून मी सायकल काढली.

इथल्या दारांवरच्या पत्रपेट्यांवर एक छोटा स्टिकर असतो, 'नेय-नेय'. जाहिरात नको आणि फुकटचा पेपरही नको, असा त्याचा अर्थ. मला अर्थ माहीत होता, अज्ञानाचा आव आणत नाही. पण मी पुण्यात वाढले. 'पत्रके टाकू नयेत, टाकल्यास अपमान होईल' अशा पाट्यांच्या नाकावर टिच्चून आम्ही पत्रकं टाकली आहेत, वॉचमनला चहा पाजून टाकली आहेत. पाटीला कोण विचारतो? निम्म्याअधिक पेट्यांवर नेय-नेय होतं. मी सगळ्यांत टाकली.

मुलगी एकही आली नाही. तक्रारी आल्या. एकाने स्टिकर आणि पत्रक शेजारी शेजारी ठेवून फोटो पाठवला, खाली एकही शब्द नाही. एक माणूस मात्र गाडीने दूरच्या गावाहून आला, जुनी जर्सी घेऊन, बाईंची सही हवी म्हणून. बाईंनी त्याला हलवता येणारा गोलपोस्ट मैदानाच्या या टोकापासून त्या टोकाला न्यायला लावला, मग सही दिली.

सेक्रेटरी घरी आले. अंगणात दीड मीटरवर उभे राहिले. "चाळीस वर्षांत मी एकाही नेय-नेयमध्ये जाहिरात टाकली नाही," ते म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, कापत होता. "कमिटीतले म्हणतात, संघ आजच बंद करा. मी मेअखेरपर्यंत थांबा म्हणालो. कुणी टाकली?"

मी तोंड उघडायच्या आत बाई म्हणाल्या, "माझा फोटो आहे. मी."

ते गेल्यावर मी ओरडा खाण्याची तयारी ठेवली. बाई ओरडल्या नाहीत. भांडी घासली. मग विचारलं, "कुठल्या घरांत टाकलीस?"

"सगळ्या."

"नेय-नेय कुठली, आठवतं?"

"साधारण."

"चल. माफी मागायची."

"आठशे घरांची?"

"नको म्हटलं होतं तेवढ्या घरांची. पायाने."

मी भांडले. कागदच टाकला, दगड नाही, असं म्हणाले. बाई सायकलला हवा भरत होत्या.

मग सुरू झाली आमची फेरी. रोज कामानंतर दोन तास. बेल वाजवायची, तीन पावलं मागे यायचं, मास्क वर करायचा, आणि मी घोकलेलं डच वाक्य म्हणायचं, "माफ करा, तुमच्या पेटीवर नको असं लिहिलं होतं, तरी मी कागद टाकला." बाई फाटकापाशी, टोपी डोळ्यांवर ओढून. पहिल्या दहा दारांत माझे कान तापून लाल झाले. अकराव्या दारात एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "कुठला कागद?" आणि मग वीस मिनिटं स्वतःच्या गुडघ्याबद्दल बोलले. बाईंनी त्यांना एक व्यायाम सांगितला.

आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. बहुतेकांनी कागद न वाचताच टाकून दिला होता. माफी मात्र सगळे ऐकून घेत होते, आणि ऐकून झाल्यावर विचारत होते, "कशाबद्दल होता?" एका दारात आईच्या कमरेमागून चेहरा डोकावला. मी सांगितलं, नऊ मुली आहेत, चौदा हव्यात.

"चांगलं खेळता यावं लागतं?" चेहऱ्याने विचारलं.

फाटकापासून बाई पहिल्यांदा बोलल्या. त्यांचं डच अगदी भयंकर होतं. "नाही. वेळेवर यावं लागतं."

ती दहावी. त्यानंतर जुळ्या बहिणी, आणि एका दुपारी बेल वाजवायच्या आधीच दारात बूट घालून बसलेली एक. मे संपायला दोन दिवस राहिले तेव्हा तेरा झाल्या होत्या.

सईचं घर आम्ही शेवटी ठेवलं होतं. त्यांच्या पेटीवर स्टिकर नव्हता, पण तिला आईबाबांपासून लपवून काम करायला लावलं होतं मी, म्हणजे माफी तिथेही होतीच. दार सईच्या बाबांनी उघडलं. मी सगळं मराठीत सांगून टाकलं. ते बाईंकडे बघत राहिले. त्यांनी ओळखलं होतं.

"अगं, ती फायनल मी पहाटे उठून पाहिलीय," ते मला म्हणाले. मग आवाज खाली आणला. "ह्यांना तोंडावर विचारणं बरं दिसत नाही, पण खरं सांग. चौदा वर्षं खेळून शेवटी मिळालं काय? गुडघा गेला आणि भाडेकरू ठेवावा लागला."

"काय म्हणतात?" बाईंनी विचारलं.

मला गोड करून सांगता येत नाही. शब्दन् शब्द सांगितला.

"अगं बये!" बाबा लाल झाले.

बाई पायरीच्या कठड्यावर टेकल्या. "बरोबर विचारलं. लोक विचारतात, गोल केला तेव्हा कसं वाटलं. हे कुणी विचारत नाही." त्यांनी टोपी डोळ्यांवरून मागे सारली. "गुडघा गेला, खरं. पदकं आईच्या घरी आहेत, तीही खरी. पण तेरा वर्षांची असताना मी वर्षभर घरात कुणाशी बोलले नव्हते. मैदानावर बोलावंच लागतं, नाहीतर दुसरीचा पाय मोडतो. तिथे बोलायला लागले. तेवढं मिळालं. बाकीचं सगळं त्याच्या नंतरचं."

आतून वहिनींचा आवाज आला. "अहो, आपली किती बोलली या वर्षात?"

बाबा चपलांच्या रॅककडे बघत राहिले. जिन्यावर सई उभी होती, कठडा दोन्ही हातांनी धरून.

"बुधवारीच ना?" शेवटी ते इंग्रजीत म्हणाले. "आणि परीक्षा असेल तेव्हा नाही."

"परीक्षा असेल तेव्हाही," बाई म्हणाल्या. "वेळेवर."

बाबांनी फॉर्म भिंतीला टेकवून सही केली. वहिनी आणि सईही दारात आल्या. मग बाबांनी न राहवून फोन काढला, एकच फोटो, प्लीज. बाई लगेच हो म्हणाल्या, त्यांच्या हातातून फोन घेतला, तीन पावलं मागे गेल्या आणि दारात उभ्या असलेल्या त्या तिघांचा फोटो काढून फोन परत दिला.

संघ वाचला. पण तक्रारींचं काहीतरी करणं भाग होतं, आणि शिक्षा बाईंना झाली. सप्टेंबरमध्ये सामने पुन्हा सुरू होतील तेव्हा पहिल्या तीन सामन्यांना कुंपणाच्या आत यायचं नाही. मी चिडले. अनवाणी मैदान तपासायचं, फुकट शिकवायचं आणि वर शिक्षा! बाई म्हणाल्या, "तू लाइनवर उभी राहा. पाण्याच्या बाटल्या दे. बोलू नकोस."

पहिला सामना पाच नंबरवरच. अर्ध्या वेळेला आम्ही तीन गोलांनी मागे. मला राहवेना. सेक्रेटरी कोपऱ्यातल्या झेंड्यापाशी उभे होते, मी त्यांच्याकडे तरातरा गेले.

"पत्रकं मी टाकली होती. बाईंनी नाही."

"माहितीये," ते म्हणाले.

"माहितीये?"

"निम्म्या गावाला तूच दारात सांगितलंस. शिवाय इतकं शुद्ध डच तिला लिहिता येत नाही. तिने दुधवाल्याला लिहिलेली चिठ्ठी मी पाहिलीय."

"मग तिला शिक्षा का?"

"कमिटी तुला एक कडक पत्र देणार होती, बस. तीच माझ्याकडे आली. म्हणाली, मला बाहेर ठेवा. मी म्हटलं, एक सामना पुरे. म्हणाली, तीन."

"पण का?"

"म्हणाली, मोसमाच्या सुरुवातीलाच मुलींना कळू दे, मी नसले तरी त्या अकरा जणी असतात."

मी वळून पाहिलं. कुंपणापलीकडे, कालव्याच्या काठावर बाई उभ्या होत्या, मैदानाकडे पाठ करून. मुलींनी चुकूनही त्यांच्याकडे बघू नये म्हणून. हात जॅकेटच्या खिशात. कालव्यातून एक मालवाहू बोट सावकाश चालली होती, आणि बाई जणू तिच्यासाठीच आल्या होत्या.

उत्तरार्धात आणखी दोन गोल खाल्ले. मुली दमल्या होत्या, चिखलाने माखल्या होत्या, आणि ओरडत होत्या. एकमेकींची नावं, सगळ्या एकदम, पाच-शून्यने मागे असलेल्या संघाला न शोभेल इतक्या जोरात. कोपऱ्यातून बॉल आला, गोलसमोर पायांचं कडबोळं झालं, आणि त्यातून बॉल हळूच रेषेपलीकडे गेला. कुणाचा पाय लागला ते अजून ठरलेलं नाही, तिघी जणी दावा करतात. सईने किंचाळत माझ्यावर झेप घेतली, बाटल्या सांडल्या.

तिच्या खांद्यावरून मला कालवा दिसत होता. बाई वळल्या नाहीत. त्यांनी फक्त दोन्ही हात खिशातून बाहेर काढले, मुठी घट्ट आवळल्या, आणि परत खिशात घातले.